कुलूप घेण्याआधी कोंडा पाहा

कापूस वेचणीच्या दिवसांत सगळं घर वावरात, दाराला किलोभर वजनाचं कुलूप, आणि ते अडकवायचा कोंडा (कोयंडा) मात्र आखूड स्क्रूवर! चोर कुलपाला हातच लावत नाही, टॉमीने, म्हणजे लोखंडी पहारीने, कोंडा उखडतो.

१. आधी कोंड्याला आरपार नट-बोल्ट मारा. बोल्टचं गोल डोकं बाहेर, नट घराच्या आतून. चौकटीकडच्या कोंड्यालाही तसंच. लाकूड किडलेलं असेल तर आतून लोखंडी पट्टी द्या.

२. कोंड्याच्या भोकाचं माप काडीवर घेऊन दुकानात जा. भोकात मावेल तितक्या जाड, पण आखूड दांडीचं कुलूप मागा. टॉमी घुसवायला फट उरत नाही.

धुळीने कुलूप अडकलं तर गोडेतेल टाकू नका, धूळ आणखीच चिकटते. पेन्सिलीच्या शिशाची पूड किल्लीला लावून फिरवा.