इटलीत स्पार्कलिंग वाइन मागवताना: 'सेक्को' म्हणण्याआधी दहा वेळा विचार करा

हॉटेल मॅनेजमेंट करून इटलीत सर्व्हिसला लागणाऱ्यांना 'वोर्रेई' (मला हवंय), 'पेर फावोरे' (कृपया) शिकवायला नको. फेसाळ वाइन ग्लासभर हवी असेल तर 'उन कालिचे दी बोल्लिचिने' म्हटलं की भागतं. नुसतं 'प्रोसेक्को' (इटलीची प्रसिद्ध फेसाळ वाइन) म्हणालात तर 'स्पुमान्ते ओ फ्रिद्झान्ते?' असा प्रश्न येऊ शकतो. फ्रिद्झान्तेत दाब १ ते २.५ बार, म्हणजे फेस कमी. स्पुमान्तेत ३ बार किंवा जास्त.

लोक फसतात ते साखरेत. ट्रान्सलेशन ॲप 'ड्राय'चं (गोड नसलेली) बिनदिक्कत 'सेक्को' करतं. साध्या वाइनला ते चालतं. स्पुमान्तेच्या लेबलवर मात्र 'सेक्को' किंवा 'ड्राय' म्हणजे लिटरला १७ ते ३२ ग्रॅम साखर, चांगलीच गोडसर! 'एक्स्ट्रा ड्राय' १२ ते १७, 'ब्रुत' १२च्या आत, 'एक्स्ट्रा ब्रुत' ६पर्यंत. पुन्हा वाचा: एक्स्ट्रा ड्राय ही ब्रुतपेक्षा गोड असते. वाल्दोब्बियादेने गावची कार्तित्से ही प्रोसेक्को महाग असते, म्हणून ती कोरडीच असेल असं समजू नका. परंपरेने ती 'ड्राय'च करतात. गोड नकोच असेल तर 'दोझाज्जो झेरो' मागा, म्हणजे वरून साखर घातलेलीच नसते. पाहुण्याने अडवलं तर बारमध्ये विचारा: 'क्वान्तो त्सुक्केरो रेझीदुओ आ?' (उरलेली साखर किती?) उच्चार थोडा चुकला तरी उत्तर मिळतं, घाबरू नका.

पद्धत विचारायची तर 'मेतोदो क्लास्सिको ओ मार्तिनोत्ती?' म्हणजे फेस बाटलीत आणलाय की टाकीत? टाकीत फेस आणायच्या पद्धतीला जग 'शार्मा' म्हणतं, पण आस्तीच्या मार्तिनोत्तीने ती १८९५ मध्येच मांडली होती. इटालियन माणसासमोर त्याचंच नाव घ्या. क्लास्सिकोतली फ्रान्चाकोर्ता ही वाइन बाटलीतच यीस्टच्या गाळावर किमान १८ महिने असते. म्हणून 'क्वान्ती मेझी सुई लिएवीती?' (गाळावर किती महिने?) आणि 'क्वान्दो ए स्ताता ला स्बोक्कातूरा?' (स्बोक्कातूरा कधी झाली?) हे दोन प्रश्न. स्बोक्कातूरा म्हणजे बाटलीतला गाळ काढणं. त्यानंतर यीस्टचं संरक्षण संपतं आणि ताजेपणा हळूहळू उतरतो. माझ्या मते नामांकित मास्टरक्लासपेक्षा काउंटरमागचा माणूस हे लवकर शिकवतो.

'सा दी ताप्पो' (बुचाचा वास येतोय) ही तक्रार फक्त ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तरच करा, आवडली नाही म्हणून नव्हे. कोमट आली तर: 'ए उन पो काल्दा, पुओ पोर्तारे उन सेक्किएल्लो?' (जरा कोमट आहे, बादली आणाल का?) बादलीत 'आक्क्वा ए ग्याच्चो' (पाणी आणि बर्फ) दोन्ही हवेत. नुसता बर्फ बाटलीला नीट चिकटत नाही आणि थंड व्हायला बराच वेळ लागतो.