सगळे नळ बंद, तरी मीटर फिरतोय: माझा अनुभव

लक्षण असं: बिल वाढलेलं, भिंतीला कुठेही ओल नाही, पण घरातले सगळे नळ बंद असताना मीटरमधलं छोटं लाल चाक हळूहळू फिरतच होतं. दोन नळांचे वायसर बदलले, फरक शून्य. प्लंबर बाथरूमच्या फरश्या फोडायला निघाला होता. दीड महिना नुसता वैताग.

शेवटी गळती सापडली ती अशी. मीटरनंतरचा मुख्य व्हॉल्व्ह बंद केला, चाक थांबलं. म्हणजे गळती व्हॉल्व्हच्या पुढे, घरातच. तो उघडून एकेक अँगल कॉक (भिंतीतून येणारं पाणी बंद करायचा छोटा व्हॉल्व्ह) बंद करत गेलो. फ्लश टाकीचा कॉक बंद करताच चाक थांबलं. खात्रीसाठी कॉक उघडून टाकीत खाण्याच्या रंगाचे ८-१० थेंब टाकले आणि २० मिनिटं फ्लश केला नाही. कमोडच्या मागच्या बाजूने लाल रंगाची केसाएवढी रेघ उतरत होती. आवाज म्हणाल तर काहीच नाही!

टाकीच्या तळाची रबरी झडप बदलली, तरी रंग उतरलाच. इथे बरेच जण फसत असावेत. दोष झडप बसते त्या कडेवर साचलेल्या क्षारांचा होता. कॉक बंद करून टाकी रिकामी केली, व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं कडेवर अर्धा तास ठेवलं, मग भांडी घासायच्या मऊ स्पंजने घासलं. बोट फिरवून कड गुळगुळीत लागली तेव्हाच झडप बसवली. झडप उचलणारी साखळी थोडी सैल ठेवली, ताणलेली असली तर झडप टेकत नाही.

पुन्हा रंग टाकला. कमोड कोरडं, चाक जागच्या जागी.