डॉग ट्रेनर व्हायचंय? आधी कुत्र्याला चप्पल आणायला शिकवा

"ताई, डॉग ट्रेनिंगमध्ये यायचंय, कुठला कोर्स करू?" असं विचारणाऱ्यांना मी कोर्सचं नाव नंतर सांगते, आधी एक काम देते. घरातलं नाहीतर शेजारचं कुत्रं घ्या आणि सांगितल्यावर चप्पल आणून हातात द्यायला शिकवा. हातात बरं का, पायाशी आणून टाकली तर मी धरत नाही. बस, पंजा दे वगैरे बिस्किटावर कुणीही करून घेतं हो, पण वस्तू आणणं म्हणजे ती ओळखायची, तिथवर जायचं, उचलायची, धरून ठेवायची, परत यायचं आणि द्यायची, एवढं सगळं एकामागे एक आहे आणि त्यातलं एक कच्चं असलं की गाडी अडते. नेमकं काय कच्चं आहे हे ओळखता येणं, हीच या लाइनमधली खरी कमाई आहे.

बहुतेक जण सुरुवात बॉल फेकून करतात आणि मग तक्रार येते की पळत जातो, तोंडात घेतो पण देतच नाही, घरभर पळवतो. देईल कशाला? पाठलाग त्याच्या रक्तात आहे, देणं नाहीये, आणि वर तुम्ही त्याच्या मागे धावलात म्हणजे त्याच्या दृष्टीने त्याहून भारी खेळ नाही. म्हणून उलटीकडून शिकवायचं, शेवटची पायरी आधी. ट्रेनिंगच्या भाषेत याला बॅकचेनिंग म्हणतात. कुत्रा आधी 'धर आणि दे' पक्कं शिकतो, मग अंतर वाढतं, त्यामुळे तो कायम येत असलेल्या गोष्टीकडे परत येत असतो.

त्याआधी तुमचा स्वतःचा हात बसला पाहिजे. क्लिकर घ्या, म्हणजे दाबलं की 'टक्' वाजणारी छोटी डबी, नसेल तर 'येस' असा एक छोटा शब्द ठरवा, कुत्र्याने बरोबर केलं त्याच क्षणी तो वाजला पाहिजे आणि लगेच मागून खाऊ. हे कुत्र्याशिवाय शिका आधी. कुणाला तरी समोर बॉल टाकायला सांगा आणि तो जमिनीला टेकला की क्लिक करा, दोन-चार दिवसांत कळेल आपण किती उशिरा दाबतोय ते. खाऊ म्हणजे उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे नखाएवढे तुकडे, जेवणाच्या आधी, आणि सेशन तीन ते पाच मिनिटांचं बास. कंटाळला की नाही हे बघत बसू नका, कंटाळायच्या आत थांबा.

आता पकड. इथे घाई केली की पुढचं सगळं डळमळतं. जुना नॅपकिन घट्ट गुंडाळून दोरीने बांधा आणि त्याच्या नाकासमोर धरा. नाक लावलं, क्लिक. जमलं की नुसत्या नाकाला क्लिक नाही, तोंड उघडलं तर. मग दात टेकवले तर, मग क्षणभर धरलं तर. क्लिक तो धरून असतानाच झाला पाहिजे, सोडल्यावर नाही, कारण तुम्ही ज्याला क्लिक कराल तेच तो शिकणार. नवीन पोरं हमखास सोडल्यावर क्लिक करतात आणि कुत्रा मस्तपैकी थुंकायला शिकतो. क्लिकनंतर तो सोडेलच खाऊसाठी, तेव्हा खाली तुमचा हात तयार ठेवा म्हणजे वस्तू हातात पडते, आणि हळूहळू हात गाठल्याशिवाय खाऊ नाही हे त्याला आपोआप उमगतं. मग 'दे' हा शब्द जोडा. साधारण चार ते सात महिन्यांचं पिल्लू असेल तर दात पडून नवे येत असतात, हिरड्या दुखतात, तेव्हा मऊ कापडच वापरा आणि जोर अजिबात नको.

पकड बसली की हातातून, मग जमिनीवरून, मग दोन पावलांवरून, मग सोफ्याजवळून. अंतर वाढवाल तेव्हा बाकी सगळं सोपं ठेवा. गुळगुळीत टाइल्सवर काही कुत्रे पाय घसरतात म्हणून परत यायलाच तयार नसतात, तिथे सतरंजी टाकली की अर्धं काम होतं. आणि धातू तोंडात धरणं बऱ्याच कुत्र्यांना नकोसं वाटतं, म्हणून चावीच्या जुडग्याला जाड दोरीचा किंवा कापडाचा लटकन लावायचा, रिमोटला कापडी कव्हर शिवायचं. चष्मा नाही, चष्म्याची केस. औषधाच्या पट्ट्या तर कुठल्याच परिस्थितीत नाही.

नाव सगळ्यात शेवटी. तो आता उचलणारच अशी खात्री झाली की त्याच्या क्षणभर आधी 'चप्पल' म्हणायचं. घरात सगळ्यांचा शब्द एकच हवा, नाहीतर आजी म्हणणार "वहाण आण रे राजा", बाबा म्हणणार "ब्रिंग", आणि कुत्रा सगळ्यांकडे आळीपाळीने बघत बसणार. दुसऱ्या वस्तूचं नाव कानाला एकदम वेगळं निवडा, चप्पल आणि चावी दोन्ही च-ने सुरू होतात म्हणून मी चावीला 'किल्ली' करायला सांगते. एका वेळी एकच नवी वस्तू. अमेरिकेतल्या चेसर नावाच्या बॉर्डर कॉली जातीच्या कुत्रीला जॉन पिली या मानसशास्त्राच्या प्राध्यापकांनी याच शिस्तीने हजारावर खेळण्यांची नावं शिकवली, त्यांचा पेपर 2011 मध्ये छापून आलाय. आपल्याला हजार नकोयत, चार पुरे.

आता परीक्षा. चप्पल आणि किल्ली शेजारी ठेवून 'किल्ली' म्हणालात आणि त्याने बरोबर आणली, तर टाळ्या वाजवू नका, आधी तुमचे डोळे कुठे होते ते आठवा. आपण नकळत त्या वस्तूकडे बघतो आणि कुत्रे माणसाची नजर फार पटकन पकडतात. जर्मनीत हान्स नावाचा घोडा गणितं सोडवतो म्हणून गाजला होता, 1907 मध्ये ऑस्कर फुंग्स्टने दाखवून दिलं की तो विचारणाऱ्याच्या बारीक हालचाली वाचत होता. म्हणूनच 2004 साली 'सायन्स'मध्ये आलेल्या रिको या कुत्र्याच्या प्रयोगात वस्तू दुसऱ्या खोलीत ठेवल्या होत्या, तिथून त्याला मालक दिसतच नव्हता. तुम्हीही तसंच करा, वस्तू बेडरूममध्ये आणि तुम्ही हॉलमध्ये. अजून एक, कुत्र्यांना निळा-पिवळा नीट दिसतो, लाल-हिरवा नाही, त्यामुळे हिरव्या चटईवर लाल चप्पल ठेवून त्याला मंद म्हणू नका.

एक गोष्ट मात्र कडक पाळा, तोंडातून हिसकावून घ्यायचं नाही. हिसकावलं की पुढच्या वेळी तो गिळतो, आणि मोजा आतड्यात अडकला तर थेट ऑपरेशन. चोरून काही उचललं असेल तर शांतपणे खाऊ दाखवून अदलाबदल करा. आणि दोरी ओढून फ्रिज उघडायला शिकवा असा हट्ट क्लायंट करतात, व्हिडिओ बघून, त्यांना मी सरळ नाही म्हणते. उघडायला शिकलेला कुत्रा तुमच्या परवानगीची वाट बघत नाही, आणि आत चॉकलेट, द्राक्षं, कांदा घातलेली भाजी, सगळं त्याला विषारी असलेलं सामान पडलेलं असतं.

लोकांच्या घरी जायला लागलात की पहिल्याच दिवशी कळेल की कुत्रा तुमचं ऐकतो, मालकाचं नाही. तेव्हा क्लिकर मालकाच्या हातात द्या, तुम्ही कोपऱ्यात खुर्ची घ्या. गुडघे दुखतात म्हणून खाली वाकता येत नसलेल्या एका आजींकडे मी हेच केलं, लॅब्रेडॉर होता. पहिला आठवडा मी त्याला हातही लावला नाही, फक्त "आजी, आत्ता, आत्ता दाबा" एवढंच. चप्पल टोकाला धरून तो समोर उभा राहायचा, आजींचा तळहात बरोबर त्याच्या हनुवटीखाली आला की सोडायचा, आणि आजी क्लिक विसरून "शहाणं गं माझं बाळ" म्हणत बसायच्या. मग आम्ही 'शहाणं' हाच त्यांचा क्लिक ठरवून टाकला, काम झालं. फी मात्र सेशनवर न ठरवता ठरलेल्या कामाच्या पॅकेजवर घ्या, कारण सराव घरच्यांनी रोज केला तर तुमच्या चकरा कमी होतात, आणि त्याबद्दल तुमचे पैसे कापले जायला नकोत.