न्यूटन-रॅफसन गंडतोय? या चुका टाळा

न्यूटन-रॅफसन म्हणजे f(x) = 0 चं मूळ एका अंदाजापासून फेरीफेरीने गाठायची पद्धत. तिचा लूप चार ओळींत होतो, म्हणून पाचवी ओळ लिहायचा पोरांना कंटाळा. ती ओळ एवढीच: लूप थांबला तो मूळ सापडलं म्हणून, की फेऱ्या संपल्या म्हणून?

एका तोंडी परीक्षेत एका मुलाने याच पद्धतीने साध्या सिलिकॉन डायोडवर 3.73 व्होल्ट काढून दाखवले. पुरवठा 5 व्होल्ट, रोध 1 किलोओहम, सॅच्युरेशन करंट (डायोडमधली उलट्या दिशेची किरकोळ गळती) 10⁻¹⁴ अँपिअर. 0.7 च्या आसपास यायला हवं, हे बारावीचं पोरही सांगेल. सुरुवात शून्यापासून केलेली. तिथे डायोडचा वक्र जवळजवळ सपाट, त्यामुळे पहिल्याच उडीत स्वारी थेट 5 वर. तिथे घातांकी पद एवढं अवाढव्य की पुढची प्रत्येक पायरी थर्मल व्होल्टेजएवढीच, म्हणजे सुमारे 0.026 व्होल्ट. 50 फेऱ्या संपल्या तेव्हा गाडी 3.73 वर होती. प्रोग्रामने तोच आकडा उत्तर म्हणून छापला.

"सर, लिमिट 500 करतो." केलं, 0.69 आलं, चेहरा खुलला. मग पुरवठा 24 करायला लावला. e चा घात 900 च्या वर गेला. डबल प्रिसिजन (संगणकातले 64-बिटी दशांश आकडे) घात 709 च्या पुढे गेला की टिकत नाही. स्क्रीनवर एनएएन (NaN), म्हणजे 'हा आकडाच नव्हे'. लिमिट वाढवणं हा इलाज नव्हेच.

मी अशा ठिकाणी सरळ लॉग घेतो: V = Vt·ln(1 + (E−V)/(R·Is)); V डायोडवरचं व्होल्टेज, Vt थर्मल व्होल्टेज, E पुरवठा, R रोध, Is सॅच्युरेशन करंट. 5 व्होल्टच्या पुरवठ्याला 0.6 पासून निघालं आणि आलेला V परत उजवीकडे घालत गेलं, की दोन-तीन फेऱ्यांत 0.692. लॉग जमत नसेल तर आधी बायसेक्शनने (अंतर दर वेळी निम्मं करत) मूळ कोंडीत पकडायचं, मग न्यूटन. बायसेक्शनला पोरं नाकं मुरडतात. खुशाल मुरडा, फलन सलग असेल आणि दोन टोकांना चिन्हं वेगळी असतील, तर ते दगा देत नाही.

बाकीच्या चुका:

x³−2x+2 ला 0 पासून सुरुवात केलीत तर 0, 1, 0, 1 असं जन्मभर चालेल. मूळ आहे −1.77 जवळ. आधी आलेख काढा, दोन मिनिटं लागतात.

दुहेरी मुळाजवळ (जिथे वक्र अक्षाला नुसता शिवून परततो) चूक दर फेरीला साधारण निम्मीच होते. कोडला शिव्या देऊ नका.

केप्लरच्या समीकरणात (ग्रहाची कक्षेतली जागा काढायचं समीकरण) कोन रेडियनमध्येच.

मूळ हजाराच्या घरात आणि टॉलरन्स (किती चूक चालेल ती मर्यादा) 10⁻¹⁶? तिथे डबलचे दोन शेजारी आकडेच 10⁻¹³ च्या अंतरावर असतात. टॉलरन्स सापेक्ष, म्हणजे मुळाच्या आकाराच्या प्रमाणात ठेवा, आणि थांबल्यावर f(x) ची किंमतही छापा.