डब्याची कंबर आवळण्याआधी

चुंबकीय झटक्याने अॅल्युमिनियमच्या रिकाम्या डब्याची कंबर आवळली जाते ती डोळ्याचं पातं लवायच्या आत. कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, भरायचा आणि तो साठा डब्याभोवतीच्या तारेच्या कॉइलमधून एकदम सोडायचा, की हा झटका बसतो. तयारी मात्र अख्खी दुपार खाते, आणि ती खाऊ द्यावी.

आधी हिशेब. 100 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर 5,000 व्होल्टपर्यंत भरला की त्यात 1,250 ज्यूल साठतात. दहा किलोचं वजन बारा-तेरा मीटरवरून पडावं तेवढे. ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाने वाढते, म्हणून पहिले शॉट 1,000 व्होल्टवरच. तिथे 50 ज्यूल उरतात, पण तेही जिवावर बेतू शकतात. कपॅसिटर पल्ससाठी बनवलेलाच हवा. डिस्चार्ज होताना व्होल्टेज उलटसुलट झोके घेतं, ते साध्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरला सोसत नाही. तेलाचा जुना, गळका कपॅसिटर फुकट मिळाला तरी नको, त्यात पीसीबी हे विषारी रसायन असू शकतं.

कॉइल गुंडाळायला हात शिवशिवतात, पण त्याआधी कपॅसिटर रिकामा करायची सोय लावायची. ब्लीडर, म्हणजे कपॅसिटरच्या टोकांना जोडलेला, साठा हळूहळू रिकामा करणारा रेझिस्टर, 1 मेगाओमचा ठेवला तर 100 सेकंदांनंतरही जवळपास 1,840 व्होल्ट शिल्लक असतात. 34 व्होल्टपर्यंत यायला आठ मिनिटं उलटतात. एकच साधा रेझिस्टर 5,000 व्होल्टला टिकत नाही. 50 किलोओमचे वीस एका माळेत जोडले की प्रत्येकावर 250 व्होल्ट येतात आणि सव्वा वॉट उष्णता, म्हणून 3 वॉटचे घ्यावेत. शिवाय लांब इन्सुलेटेड दांड्यावर रेझिस्टर लावलेली डिस्चार्ज काठी हवीच. मीटरवर शून्य दिसलं, म्हणून तिला सुट्टी द्यायची नाही. मीटरची वायरच निखळलेली असू शकते.

कॉइल म्हणजे जाड एनॅमल तारेचे तीन वेढे, डब्याला घट्ट बसणारे, मध्ये इन्सुलेशन. डबा आत दबतो तसे वेढे बाहेर ढकलले जातात. नाणं आकसवायच्या प्रयोगात तर कॉइलच्या चिंधड्याच उडतात. त्यामुळे भोवती जाड पॉलिकार्बोनेटची पेटी हवी. अॅक्रिलिक नको, त्याचेच तुकडे उडतात.

चष्मा, इअरमफ, दुरून दाबायचं बटण. पेसमेकर असलेल्यांना खोलीबाहेर ठेवायचं. सोबतीला एक माणूस हवा. मेन स्विच कुठे आहे हे त्याला ठाऊक हवं आणि सीपीआर देता यायला हवा. एकट्याने करायचा हा छंद नाही.

शॉटनंतर आधी ब्लीडरला त्याचा वेळ द्यायचा, मग काठी, मग टर्मिनलांवर जाड शॉर्ट वायर. रिकामा केलेला कपॅसिटर पडल्या पडल्या पुन्हा थोडा चार्ज गोळा करतो, म्हणून कपाटात ठेवतानाही ती वायर काढायची नाही.