गाडीच्या पुढच्या चाकांवरच्या स्प्रिंग बदलल्या, त्याचा अनुभव
डावी स्प्रिंग खालच्या वेटोळ्यात तुटली होती, तरी दोन्ही बाजूंच्या बदलल्या. एकच नवी घातली तर गाडी कलते. नुसत्या जॅकवर न ठेवता गाडी स्टँडवर टेकवली.

स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बरची एकत्र जोडणी) बाहेर आल्यावर खरं जोखमीचं काम सुरू होतं. दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीवही जाऊ शकतो. म्हणून दोन स्प्रिंग कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरणारी अवजारं) समोरासमोर लावून, थोडं इकडे थोडं तिकडे, हातपान्यानेच आवळले. इम्पॅक्ट गन (झटके देत नट फिरवणारं यंत्र) इथे नकोच. स्प्रिंग बैठकीत (तिची टोकं टेकतात त्या वरच्या-खालच्या बशांत) सैल हलू लागल्यावरच वरचा मधला नट काढला, चेहरा बाजूला ठेवून.

नव्या स्प्रिंगचं टोक खालच्या बशीतल्या खाचेला टेकलंय ना, हे नक्की पाहा. वरचं बेअरिंग खरखरत असेल तर आत्ताच बदला. नंतर व्हील अलाइनमेंट करून घेतली.