नाताळची तयारी दिवाळीपासून : कमी खर्चात, धावपळ न करता

दिवाळी कधी ऑक्टोबरच्या मध्यात येते, कधी नोव्हेंबरच्या. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. नाताळ मात्र २५ डिसेंबर सोडून कुठे जात नाही. तरीही २० तारखेनंतर जालन्याच्या किंवा लातूरच्या बाजारात चक्कर मारा. अर्धी मंडळी तेव्हाच लेकरांचे कपडे, केकचं सामान आणि दारावरची चांदणी शोधत फिरताना दिसते. तेव्हा भाव दुकानदार सांगेल तो. नाताळ महाग पडतो तो त्याच आठवड्यात. म्हणून खालची सगळी मांडणी एका हिशेबाने केली आहे : १८ डिसेंबरनंतर दूध, भाजी आणि मटण सोडून काही विकत आणायचं उरू नये.

आधी पैसा कधी येतो ते बघा

खर्चाची यादी नंतर. पहिल्यांदा घरात पैसा कोणत्या महिन्यात येतो ते कागदावर मांडा. शेतकऱ्याघरी सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या आगेमागे येतो, कापसाचा वेचणी होईल तसा तुकड्यातुकड्याने. तूर डिसेंबर-जानेवारीत निघते, त्यामुळे तुरीच्या भरवशावर नाताळची उधारी करू नका. माल बाजार समितीत जाऊन पट्टी हातात पडेपर्यंत संक्रांत येते. वाळूज किंवा जालन्याच्या एमआयडीसीत कामाला असाल तर दिवाळीचा बोनस मिळतो. त्यातला ठरावीक हिस्सा त्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाका. दिवाळीत हातात राहिलेला पैसा नाताळापर्यंत टिकत नाही, हे कुणाला सांगायला नको.

मोहल्ल्यात भिशी असेल आणि नंबर चिठ्ठीऐवजी बोलून ठरत असतील, तर डिसेंबरचा नंबर वर्षाच्या सुरुवातीलाच मागून घ्या. इतर बायकांना बहुधा दिवाळीचा हवा असतो, त्यामुळे फारशी ओढाताण होत नाही. बचत गटातून कर्ज काढून सण करणं मला पटत नाही. गटाचं कर्ज शेळीला, शिलाई मशीनला, फार तर दवाखान्याला. मोबाइलवर दोन मिनिटांत मिळणाऱ्या कर्जाच्या तर वाटेला जाऊ नका.

आता आकडा. समजा सगळं मिळून ८,००० रुपये. ऑगस्टपासून बाजूला काढले तर महिन्याला १,६०० पडतात, डिसेंबरमध्ये एकदम काढले तर घराचा महिना कोलमडतो. वाटणी करताना आधी चर्चचं दान, मग प्रवास, मग खाणं, मग कपडे, मग भेटी, आणि सगळ्यात शेवटी सजावट. बहुतेक घरांत ही यादी उलटी चालते. सजावटीत पैसे जातात आणि दानाच्या पाकिटात उरलंसुरलं पडतं. लेकरं सातवी-आठवीची झाली की त्यांना हिशेबाला बसवा. एकदा आकडा स्वतः लिहिला की दुकानात हट्ट बराच कमी होतो.

दिवाळीच्या आठवड्यात : तिकीट, चांदणी, कापड

मुंबईहून देवगिरी, नंदिग्राम किंवा तपोवनने गावी येणारी मंडळी असतील तर हे त्यांना आजच कळवा. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. पूर्वी १२० दिवस होते. म्हणजे २४ डिसेंबरच्या गाडीचं आरक्षण २५ ऑक्टोबरला, आणि परतीच्या २६ तारखेचं २७ ऑक्टोबरला. हे दिवस दिवाळीच्या गडबडीत हमखास विसरतात, आणि मग डिसेंबरमध्ये खासगी ट्रॅव्हल्सचा चढा दर मोजावा लागतो. पुण्याहून येणाऱ्यांनी एसटीचा विचार जरूर करावा. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मं तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही निम्मं, आणि ७५ च्या पुढे प्रवास मोफत. आजी, आई आणि दोन मुली असं कुटुंब असेल तर एसटी आणि ट्रॅव्हल्स यांच्या तिकिटातला फरक करून बघा, त्यात केकचं सामान निघतं.

दिवाळी संपली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आकाशकंदिलांचे भाव उतरतात. दुकानदाराला तो माल वर्षभर सांभाळायचा नसतो. चांदणीच्या आकाराचा, साधा पांढरा किंवा लाल कंदील तेव्हाच घेऊन ठेवा. तोच कंदील डिसेंबरमध्ये 'ख्रिसमस स्टार' म्हणून जास्त दराने टांगलेला दिसेल. दिव्यांच्या माळांचंही तसंच. घेताना दुकानातच लावून बघा.

कापड शिवायचं असेल तर दिवाळी आणि तुळशीचं लग्न यांच्या मधल्या दिवसांत टेलरकडे टाका. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू होते, आणि मग ब्लाउजांच्या ढिगात तुमचा फ्रॉक सापडत नाही. लेकरांचे कपडे एक बोट वाढते घ्या, पुढच्या संडे स्कूलच्या कार्यक्रमालाही चालतात. मोठ्यांना दरवर्षी नवं हवंच असं नाही.

नोव्हेंबर : घर, पाणी, अंथरूण

यावर फार लिहिण्यासारखं नाही, पण करावं लागतं. गोधड्या आणि रजया नोव्हेंबरच्या कडक उन्हात दोन दिवस टाका. डिसेंबरच्या अखेरीस थंडीत पाहुण्यांना ओल्या वासाचं पांघरूण देण्यासारखी वाईट गोष्ट नाही. पाण्याचं गणित मात्र मराठवाड्यात विसरून चालत नाही. ज्या भागात नळाला आठवड्याने पाणी येतं तिथे २४-२५ तारखेच्या आधीची पाळी कधी आहे ते मोजा, आणि दहा पाहुणे येणार असतील तर एखादं जास्तीचं पिंप शेजाऱ्यांकडून आधीच मागून ठेवा. ऐन सणाला मागवलेला टँकर हा सगळ्यात निरर्थक खर्च आहे.

फराळाची सावड

आपल्याकडच्या नाताळात केक असतो, पण त्यासोबत करंजी, चकली, शंकरपाळे आणि लाडू असतातच. खर्च आणि दमणूक दोन्ही इथेच जास्त, म्हणून या भागावर थोडं थांबू.

शेतीत सावड करतात तशीच फराळाला करा. तीन-चार घरं एकत्र या. तेलाचा डबा एकत्र घ्या आणि वाटून घ्या. सुट्या पाकिटांपेक्षा बहुधा स्वस्त पडतो, तरी लिटरचा भाव काढूनच घ्या. मैदा, साखर आणि खोबरंही होलसेलवाल्याकडून एकदाच. मग आज तुमच्याकडे चकल्या, परवा दुसरीकडे करंज्या. एका घराने सगळे पदार्थ करायचे तर आठवडा जातो. चौघी बसल्या तर एका दुपारी शंभर करंज्या होतात, आणि गप्पा होतात त्या वेगळ्याच. चकलीचा सोऱ्या आणि मोठी कढई प्रत्येक घरात विकत घ्यायची गरजही उरत नाही.

क्रम असा ठेवा. शंकरपाळे आणि चकली डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. पूर्ण गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात भरली तर पंधरा दिवस कुरकुरीत राहतात. सुक्या खोबऱ्याच्या करंज्या त्यानंतर. ओल्या नारळाचं किंवा खव्याचं काही करणार असाल तर २३-२४ तारखेलाच आणि थोडंच. नानकटाईसाठी रवा, मैदा, तूप, साखर घेऊन बेकरीवर जा. भाजणावळ देऊन भाजून आणलेली नानकटाई तयार डब्यापेक्षा स्वस्त आणि तुपाची खात्री आपली. बेकरीवाल्याला मात्र आठवडाभर आधी विचारा, २२ नंतर त्याच्याकडे केकची रांग असते.

केक

महिनाभर रममध्ये मेवा भिजवण्याची गरज नाही. मनुका, बारीक चिरलेली खारीक, टूटीफ्रूटी आणि काजूचे तुकडे (अख्ख्या काजूचे पैसे केकमध्ये दिसत नाहीत) संत्र्याच्या रसात मंद आचेवर आठ-दहा मिनिटं शिजवा, झाकून रात्रभर ठेवा, दुसऱ्या दिवशी वापरा. डिसेंबरमध्ये नागपूरची संत्री आपल्या बाजारात भरपूर असतात. सालीचा केशरी भाग किसून घाला, आतला पांढरा कडू लागतो.

बिनअंड्याच्या केकचं प्रमाण : दीड वाटी मैदा, एक वाटी दही, पाऊण वाटी साखर, अर्धी वाटी तेल, सव्वा चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा खायचा सोडा. दह्यात साखर विरघळवून त्यात पावडर आणि सोडा घाला, फेस आला की तेल, मग चाळलेला मैदा. भिजलेला मेवा निथळून, चमचाभर मैद्यात घोळून शेवटी घाला. तसाच टाकला तर तळाला बसतो. ओव्हन नसेल तर कुकरच्या तळाला मिठाचा थर द्या, शिट्टी आणि रिंग काढा, आत पाणी अजिबात नको, दहा मिनिटं तापवा, मग जाळीवर भांडं ठेवून मंद आचेवर चाळीस-पन्नास मिनिटं. सुरी कोरडी निघाली की झाला.

बिनअंड्याचा आणि बिनदारूचा केक करण्याचं मोठं कारण काटकसरीचं नाहीच. दिवाळीला ज्या घरांतून आपल्याकडे ताट आलं आणि ईदला ज्यांच्याकडून शीरखुर्मा आला, त्या सगळ्यांच्या घरी हा केक बिनघोर पाठवता येतो. शेजारी कुणी माळकरी असतं, कुणाचे मार्गशीर्षातले गुरुवार असतात. किती ताटं पाठवायची ते डिसेंबरच्या सुरुवातीलाच मोजा. बारा ताटं म्हणजे बारा तुकडे केक, दोन-दोन करंज्या, मूठभर शंकरपाळे, एवढं पुरतं. ताट ओसंडून वाहिलं पाहिजे असा कुठलाही नियम नाही.

आगमनकाळाचे चार रविवार

आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीचे तयारीचे आठवडे, ३० नोव्हेंबरच्या जवळच्या रविवारी सुरू होतो. चार रविवार मिळतात आणि दर रविवारी उपासनेनंतर एकच काम करायचं. पहिल्या रविवारी चांदणी आणि माळा लावा. दुसऱ्या रविवारी गव्हाणी, म्हणजे येशूजन्माचा देखावा, करा. शहरात थर्माकोलची तयार गव्हाणी विकत घेणाऱ्यांचं मला नवल वाटतं. आपल्याकडे कडबा आहे, माती आहे, खरी गव्हाण कशी असते हे आजोबांना विचारता येतं. झाडासाठी वाळकी फांदी पांढरी रंगवा आणि बर्फाच्या जागी कापूस लावा. तेवढं सांभाळा की कापसाजवळ मेणबत्ती किंवा तापणारे जुने बल्ब येऊ देऊ नका. एलईडी माळ लावली तरी तिचे जोड आणि प्लग कापसापासून लांब ठेवा.

तिसरा रविवार लेकरांच्या नाटकाचा. भाड्याचे पोशाख आणू नका. मेंढपाळांना घोंगडी, मुंडासं आणि काठी याहून चांगलं काय असणार? मागी लोकांसाठी, म्हणजे बाळ येशूला भेटायला पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी लोकांसाठी, आजीच्या ट्रंकेतली हिमरू शाल किंवा जुनी पैठणी काढा, मुकुटाला पुठ्ठा आणि बेगड. संभाजीनगरच्या आसपासच्या घरांत एखादी हिमरू निघतेच. चौथा रविवार भेटींचा. मोठ्या कुटुंबात सगळ्यांनी सगळ्यांना देण्यापेक्षा डिसेंबरच्या सुरुवातीलाच चिठ्ठ्या टाका, एकाने एकालाच द्यायचं, रकमेची मर्यादा आधी ठरवून. लहान मुलांना यातून वगळा, त्यांना सगळ्यांनी मिळून एक.

येळवस (वेळ अमावस्या, शेतात पंगती बसतात तो सण) बहुधा याच दिवसांत येते. लातूर-धाराशिवकडे शेतात बोलावणं असेल तर त्या दिवशी कुठलंही काम धरू नका. कॅलेंडर बघून आधीच एक दिवस मोकळा सोडा.

कॅरलवाले आणि २५ तारीख

कॅरलची, म्हणजे घरोघर नाताळची गाणी गाणारी, मंडळी रात्री उशिरा येतात आणि पंधरा-वीस जण असतात. प्रत्येकाला केक-कोल्ड्रिंक देण्याच्या चढाओढीत पडू नका. गुळाचा चहा आणि गरम सुशीला करा. मुरमुरे, कांदा, मिरची, दाण्याचं कूट. वीस जणांना पुरेल एवढी सुशीला वीस मिनिटांत होते, आणि थंडीत गाऊन आलेल्या पोरांना तीच आवडते. आपल्या चर्चच्या मंडळीत पेटी, तबला, टाळ असताना ना. वा. टिळकांच्या भजनांना भाड्याचा साउंड कशाला हवा, हे तरुण संघाला एकदा पाळकसाहेबांकडूनच सांगा. वर्गणी निम्मी होईल.

मटणाचं खाटकाला आठवडाभर आधी सांगून ठेवा. खेड्यात असाल तर पाच-सहा घरांनी मिळून बोकड घेऊन वाटे पाडणं परवडतं. येसर (रस्सा दाट करायचं भाजणीचं पीठ) आणि काळा मसाला नोव्हेंबरमध्येच करून ठेवलेला असला तर २५ तारखेचं जेवण म्हणजे रस्सा, भाकरी, भात आणि कांदा. कांदा-खोबऱ्याचं वाटण आदल्या दिवशी भाजून-वाटून फ्रीजमध्ये ठेवा. सकाळची उपासना संपवून आल्यावर दीड तासात पंगत बसली पाहिजे, एवढाच बेत ठेवा. चौथी भाजी आणि दुसरं गोड कुणी मागत नाही, आपणच मनाने वाढवतो. ताटं कोण घासणार आणि पाणी कोण भरणार हे २४ तारखेला पुरुषांच्या नावानिशी ठरवून टाका.

२६ तारखेनंतर काही दुकानांत मेणबत्त्या, रिबिनी, कार्डं उतरत्या भावात मिळतात. पुढच्या वर्षापुरतं तेव्हा घ्या. ६ जानेवारीला चांदणी उतरवताना माळा पुठ्ठ्यावर गुंडाळा, डब्यावर नाव लिहा, आणि एका वहीत तीन गोष्टी नोंदवा : तेल किती लिटर लागलं, ताटं किती गेली, आणि कोणता पदार्थ उरला. उरलेला पदार्थ पुढच्या यादीतून तेव्हाच खोडा.